डाव्या डोळ्याखालचा भोवरा

४ मार्च ९७

पहाटे पाच-दहाला पैंजण घोडी व्याली. (कागदावर सिल्व्हर अँकलेट. माझ्या तोंडात ते बसत नाही.) फिली, मादी शिंगरू. बावीस मिनिटांत उभी, पाऊण तासात आचळाला. नाळ आपोआप तुटली. जार (वार) पुरा पडला, पोत्यावर पसरून बघितला, कुठं फाटका नाही. रंग कुमाईत, गडद तांबूस तपकिरी. कानापासून शेपटीपर्यंत एक पांढरा केस नाही.

सायखेड्याला सायकल मारून एसटीडीवरून मालकांना, रावसाहेबांना कळवलं. पिंपळगावला पॅकहाउसवर होते. मागे टेम्पोचे हॉर्न. म्हणाले, "पोरगीच का?"

फोन आपटला. बूथवाला म्हणाला, "नाना, मशीन माझं हाय."

५ मार्च

अजून डोकं शांत नाही. पोरगीच का! रा.सा.ना द्राक्षातलं कळतं तेवढं कळतं. घोडी घेतली ती हौस म्हणून, बंगल्यापुढं कारंजं करतात तशी.

हे लग्न मी जमवलं आहे. रा.सा.ना तो मोठ्या शर्यती जिंकलेला वळू हवा होता, पेपरात फोटो आलेला. नाव मोठं, पण मागचे पाय कोयत्यासारखे. पैंजणचे तसेच. वाकड्याच्या घरात वाकडीच द्यायची का? आठ दिवस भांडलो. शेवटी माझा वळू ठरला, नॉर्थ लँटर्न. मी कंदील म्हणतो. नाव नाही फारसं, पण मागचे पाय ओळंब्यानं बांधल्यासारखे, आणि छाती कोठारासारखी.

पंधरा वर्षं रविवार कारंजा ते नाशिकरोड टांगा हाकला. नंतर बावीस वर्षं पुण्याच्या स्टडवर, शर्यतीची घोडी पैदा करतात तिथं, लोकांच्या घोड्यांची लीद काढली. तिथंच सेलच्या कॅटलॉगवरून इंग्रजी अक्षरं लावायला शिकलो. तीन वह्या भरल्या आजे-पणजांच्या नावांनी. पण "नाना, तुला काय वाटतं" असं एकानं विचारलं नाही. आता साठी उलटल्यावर पहिल्यांदा एक जनावर माझ्या डोक्यातून निघून जमिनीवर उभं राहिलं. आज तपासली. मागचे पाय सरळ. बापाचे.

२३ मार्च

रा.सा. आले, सोबत त्यांचे मामा. मामांच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नाही. चहा झाला. फिलीचं नाव मैना ठेवलं (घरातलं, कागदावरचं पुढं बघू). माझ्या हाताखालच्या किसनने धरली, मी दाखवत होतो. खुशीत होतो, जीभ सैल सुटली. टांगेवाल्यांची जुनी विद्या काढली. अंगावरच्या केसांचा कुठला भोवरा कशाचा.

"छातीवर हा देवमण. भाग्याचा. आणि हा बघा, डाव्या डोळ्याखाली, आसूढाळ. डोळ्यातनं पाणी ओघळल्यासारखा. आमच्या अड्ड्यावर असलं घोडं फुकट दिलं तरी कुणी घेत नसे. मालकाला रडवतं म्हणे!"

मी हसलो. रा.सा. हसले. किसनही हसला.

मामांनी बशी खाली ठेवली.

१२ जून

पुण्याहून स्टडबुकचे, शर्यतीच्या घोड्यांची नोंद ठेवणारे, साहेब आले. सभ्य माणूस. मैनाचं चित्र काढायचं होतं, छापील घोड्यावर खुणा भरतात. "पांढरं काहीच नाही नाना हिच्यावर. मग भोवरेच घ्यावे लागतील, नाहीतर उद्या कुणीही दुसरी कुमाईत आणून उभी करेल." कपाळावरचा, मानेवरचे दोन, छातीचा, आणि डाव्या डोळ्याखालचा. त्या शेवटच्यावर बोट ठेवून खूश झाले. "हा क्वचित दिसतो. ही तर सही आहे हिची."

मला इतकं बरं वाटलं की जेवायला थांबवलं. सौ.ने शेवभाजी केली. रक्त काढून नेलं, आईबापाची खात्री करायला.

३० सप्टें.

दूध तोडलं. तीन दिवस पैंजण ओरडते, मैना ओरडते, आणि सौ. माझ्यावर ओरडते, की एवढं काळीज कठीण कसं तुमचं. कठीण? काल जेवलो नाही ते हिनं बघितलं नाही का!

९ फेब्रु. ९८

आज किसनचं बखोट धरायची वेळ आली. एक्स्पोर्टमधून परत आलेली द्राक्षं, सात क्रेट, रा.सा.नी पाठवली "घोड्यांना घाला" म्हणून, आणि ह्यानं घातली! मैना दुपारी दोनपासून पोटाला पाय मारते. जनावरांच्या डॉ. बाई नाशिकहून येईपर्यंत चालवत राहिलो, ती बसायला बघते, मी बसू देत नाही. पाचला वायू सुटला. देव पावला.

रा.सा.ना सांगितलं, ही रवंथ करणारी जात नाही. म्हणाले, "अहो, साखरच तर हाय त्यात. ताकद येईल."

ताकद! ह्यांना घोडा आणि गिऱ्हाईक यांत फरक नाही. माल संपला पाहिजे.

१७ डिसें. ९८

आजचा दिवस लिहून ठेवला पाहिजे.

पुण्याचे ट्रेनर आले. सफारी, काळा चष्मा, कमी बोलणारे. मैनाला नदीकडच्या लांब पॅडॉकमध्ये, कुंपणाच्या कुरणात, सोडली. आधी दोन-चार उड्या, मग सुटली. मान खाली, कान मागे नाहीत, पुढे. जमिनीला लागल्यासारखी. ट्रेनरनी खिशातून घड्याळ काढलं. ती आंब्यापासून तारेपर्यंत गेली, वळली, परत आली, आणि घड्याळ तसंच हातात. बटण दाबायचंच विसरले.

"मान अशी खाली घालायला कुणी शिकवली?"

"कुणी नाही साहेब. आईच्या आईचं आहे ते. तिला मी हाताळलीय पुण्याला."

चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे हे जुळवलं कुणी?"

रा.सा. म्हणाले, "आम्हीच."

आम्हीच! असो. ट्रेनर माझ्याकडेच बघत होते. फेब्रुवारीत शर्यतीच्या तयारीला घेऊन जाणार.

११ जाने. ९९

प्रशांतचा, रा.सा.च्या मुलाचा, हायवेला अपघात. मोटारसायकल. पाय दोन ठिकाणी मोडला. नाशिकला बघून आलो. पोरगं हसतंय, पण आईचा चेहरा बघवत नाही.

दवाखान्याच्या जिन्यात मामा. रा.सा.शी बोलत होते, मी आल्यावर थांबले. मग मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "विचारा की नानालाच. त्येच म्हनले व्हते. मालकाला रडवतं."

मी म्हटलं, "मामा, पोरगं ऐंशीनं गाडी चालवत होतं. त्यात घोडीचा काय दोष?"

"बाकीच्या पोरांच्या गाड्या हळू चालत्यात का?"

रा.सा. जिन्याचा कठडा बघत उभे. पदवी झालेला माणूस, हॉलंडला द्राक्षं पाठवतो.

१ फेब्रु.

येवल्याला जायचं. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न, परवा सकाळचा मुहूर्त. सौ.चा हट्ट, तिच्या माहेरचं पहिलं कार्य. मैनाला सोडून जायला पाय निघत नाही. किसनला चार-चारदा सांगितलं. तो म्हणाला, "जावा की नाना, म्या काय मेलोय का?"

४ फेब्रु.



दुपारी तीनच्या एसटीनं आलो. अंगात अजून लग्नाचा सदरा. नेहमी माझा आवाज ऐकून मैना दारावर येते. आली नाही. आत कोपऱ्याकडे तोंड करून उभी. हात लावायला गेलो तर दचकून भिंतीला धडकली. माझ्या हाताला! दोन वर्षं ज्या हातानं...

डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढं जळलेलं. वर हळद आणि तूप. पापणी सुजून डोळा बंद.

डागणी दिली तिला. लोखंड तापवून. भोवरा काढायला.

विहिरीवरच्या बायकांनी सांगितलं. मामांनी वरच्या गावातून कुणी डाग देणारा आणला, गाईबैलांना देतो तो. रा.सा. उभे होते. त्यांनी "करा" म्हटलं.



५ फेब्रु.

डॉ. बाई आल्या. डोळा वाचला, बोटभर अंतरानं. मलम, इंजेक्शन. पेटी बंद करताना म्हणाल्या, "नाना, ही माणसं शिकलेली आहेत ना हो?"

किसन कालपासून समोर येत नव्हता. गवताच्या गंजीमागे सापडला. धरून मारणार होतो. खरंच मारणार होतो. तोंड बघितलं तर रडून रडून सुजलेलं.

"मालक म्हनले धर. म्या नाय म्हनलो व्हतो नाना. मामा म्हनले, पोराचा पाय गेलाय, तुला घोडीचं पडलंय? मग ओठाला दोरीचा पीळ घालून धरली. ती माझ्याकडंच बघत व्हती."

त्याला घरी आणून जेवू घातलं. दुसरं काय करणार. ज्याला मारायला पाहिजे तो पिंपळगावला एसीत बसला आहे. आणि एक इथं, ही वही लिहितो आहे. लोखंड त्यांचं, पण ते तापवलं माझ्या जिभेनं. दोन वर्षांपूर्वीच्या एका चहाच्या कपावर. कशासाठी? मला किती येतं हे दाखवायला.

८ फेब्रु.

पॅकहाउसवर गेलो. बायका घड कातरत होत्या, सगळ्यांसमोर बोललो. रा.सा. आत या म्हणाले, गेलो नाही.

"रावसाहेब, पुण्याच्या कागदावर तो भोवरा आहे. पांढरी खूण नाही म्हणून भोवऱ्यावरच ती ओळखायची. तुम्ही तिची सही खोडली."

"नाना, तुम्ही लय मनाला लावून घेता. एवढ्याशा डागाकडे कोण बघतंय तिथं?"

"आधी पत्र लिहून कळवा. झालं ते कळवा."

"बघू."

ह्यांच्या ह्या बघूला काय म्हणावं! तिथंच बसलेल्या मामांनी मला पेढा दिला. प्रशांत घरी आला म्हणून. प्लॅस्टर घालून तो कधीतरी घरी येणारच होता. पण गावभर झालंय, डाग दिला आणि पोरगं उठलं. पेढा खिशात घातला, वाटेत कुत्र्याला दिला.

१९ फेब्रु.

फ्लोट, घोडे न्यायची गाडी, आली. मैना एरवी अशी गाडीत चढते जणू तिचीच आहे. आज पाऊण तास. डाव्या बाजूनं माणूस आला की उभी राहते दोन पायांवर. मी डोळ्यावर सदऱ्याची बाही धरून, बोलत बोलत चढवली. खपली अजून ओली. पत्र गेलेलं नाही. मी विचारलं, रा.सा. म्हणाले राहिलं.

२३ फेब्रु.

परत आली.

पुण्याच्या रेसकोर्सवर आत घेताना डॉक्टर कागद आणि जनावर ताडून बघतात. चार भोवरे जुळले, पाचव्या जागी खपली. आत घेतली नाही. वर संशय: जिथं खूण असायला हवी नेमकं तिथंच कसं जळलं?

सा. सहाला स्टडबुकच्या साहेबांचा फोन, बूथवर बोलावलं. तेच सभ्य साहेब, शेवभाजी खाल्लेले. आवाज वेगळा होता. "नाना, तुमच्यावर विश्वास म्हणून विचारतो. ही तीच घोडी आहे का?"

माझी मैना, आणि ती मैनाच आहे का असं मला विचारतात! चोरीचा माल असल्यासारखं. बूथवाल्यानं पाणी दिलं.

६ मार्च

साहेबांचं पत्र. मला समजलं ते असं: रक्त पुन्हा तपासणार, त्याला वेळ लागेल. रक्त जुळलं तरी भोवरा कसा गेला ते लेखी पाहिजे, घोडी सांभाळणाऱ्याच्या सहीनं. अपघात असला तर नवं चित्र काढून मोकळं. कुणी मुद्दाम खूण घालवली असेल तर घोडी कायमची बाद होऊ शकते.

म्हणजे ज्यांनी डागलं त्यांना काही नाही. जी डागली गेली ती बाद. कुठला न्याय हा?

ट्रेनरचा निरोप: मेअखेरपर्यंत तिची जागा रिकामी ठेवतो. नंतर दुसरं जनावर.

१० मार्च

रा.सा. आणि मामा आले. टाइप केलेला कागद. 'सदर फिलीस पॅडॉकच्या काटेरी तारेने इजा झाली...' खाली माझं नाव, वर रेघ सहीला.

"आपल्या पॅडॉकला साधी तार आहे, काटेरी नाही," मी म्हटलं.

"लावून घेऊ की," मामा म्हणाले.

मी उठलोच. रा.सा.नी हात धरला. पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "नाना, मला नका बघू. तिच्याकडं बघा. तुम्ही सही केली तर ती पळंल."

हे बाकी खरं आहे. म्हणूनच संताप जास्त. खोटं त्यांचं, सही माझी, आणि मध्ये ती.

पुण्याला बावीस वर्षांत व्यायल्याच्या वहीत एक मिनिट इकडचं तिकडं लिहिलं नाही. मोठ्या मोठ्या मालकांनी सांगून पाहिलं. तेच एक माझं होतं.

११ मार्च

सौ.ला कागद वाचून दाखवला. ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "मी खोटं लिहिणार नाही."

ती म्हणाली, "मग लिहिणार नाही ते घोडीसाठी, का स्वतःसाठी?"

"म्हणजे?"

"काही नाही. तुम्हाला तुमची वही स्वच्छ पाहिजे. त्या मुक्या जनावराला पळायचंय. आधी ठरवा कुणाचं बोलताय."

चाळीस वर्षांत ही बाई इतकं लागेलसं बोलली नव्हती. रागावून नदीवर जाऊन बसलो. तासाभरानं तिनं भाकरी बांधून पाठवली किसनबरोबर, वर मिरचीचा ठेचा. राग होताच, भूकही होती.

२ एप्रिल

माझा कागद लिहिला. तीनदा फाडला. चौथा असा सुरू होतो: '२३ मार्च ९७ रोजी चहा घेत असता मी स्वतः सदर भोवऱ्यास अशुभ म्हणालो.' पुढं सगळं, डागणी, कुणी सांगितलं, कुणी धरली. किसनचं नाव खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

आता दोन कागद आहेत, टाइपचा आणि माझा. दोन्ही ट्रंकेत, कॅटलॉगच्या वह्यांखाली. साहेबांचं दुसरं पत्र आलं. मी उत्तर दिलेलं नाही.

२१ एप्रिल

खपली पडली. खाली गुलाबी कातडी. डॉ. बाई म्हणतात केस येतील, नाहीही येणार.

मैना आता माझ्या हाताला येते. उजव्या बाजूनं. डावीकडून अजून नाही. रोज सकाळी लांब पॅडॉकमध्ये सोडतो. तशीच पळते, मान खाली. पण आंब्यापाशी आली की डावा डोळा झाडापासून लांब ठेवून वळते, वळण मोठं घेते. शर्यतीत असं वळण घेतलं तर दोन घोड्यांचं अंतर गेलं. किती गोष्टी जाळल्या एका लोखंडानं.

८ मे

साहेबांचा फोन. १४ तारखेला स्वतः येतो, दहापर्यंत. रक्ताचा निकाल अजून नाही. "नाना, मला कागद तयार पाहिजे. ह्यापुढं थांबता येणार नाही."

रा.सा. विचारायला आले होते सही झाली का. एकटेच आले, मामांशिवाय. मैनाच्या दारापुढं जाऊन उभे राहिले. ती कोपऱ्यात गेली. म्हणाले, "मला ओळखती वाटतं."

"चांगलं ओळखते."

जाताना चहा घेतला नाही.

१३ मे

सकाळी सातला खरारा करताना किसननं हाक मारली. "नाना, लवकर या."

मला वाटलं आता आणि काय. धावत गेलो. त्यानं मैनाचं तोंड दाराकडं, उजेडात वळवलं. डाव्या डोळ्याखाली केस फुटलेत. पांढरे. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बारीक, रेशमासारखे, आणि सरळ नाहीत. मधल्या टिंबापासून गोल फिरत बाहेर, शेवट खाली ओघळलेला. साहेबांच्या चित्राची नक्कल माझ्याकडे आहे, ती आणून शेजारी धरली. तीच जागा, तोच फिरवा, तोच ओघळ.

गडद कुमाईत तोंडावर पांढराशुभ्र आसूढाळ. अंगावर दुसरा पांढरा केस नाही. आधी हात लावून शोधावा लागायचा, आता विहिरीपासून दिसतो.

मी हसलो की रडलो ते किसनला विचारलं पाहिजे. मग एकदम रागच आला. एवढ्यासाठी तिला पोळवली!

मामांना बोलावून दाखवावं असं फार वाटलं. नको. लोखंड अजून त्यांच्याकडेच आहे.

साहेब उद्या दहाला. भोवरा दिसेल. पण पांढरा का, हे विचारतीलच, आणि तारेनं असा गोल पांढरा होत नाही हे त्यांना माझ्याइतकंच कळतं. का कळत असूनही टाइपचाच कागद त्यांना सोयीचा पडेल? सांगता येत नाही. सौ.ने सदरा धुऊन ठेवला आहे, येवल्याचाच. दोन्ही कागद ट्रंकेतून काढून त्याच्या खिशात घातले. एक डाव्या, एक उजव्या. पेन तपासलं, चालतं.

किसन म्हणाला, "नाना, सायबाला आदी काय सांगायचं?"

म्हटलं, काही सांगू नको. तू फक्त तिला उन्हात उभी कर. डावी बाजू त्यांच्याकडं.